उन्हाळी परसबाग : आधी पाण्याचे बोला



फाल्गुन सरला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली भाजी संपते. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, पऱ्हाटी उपटून बांधाला लागलेली असते, ज्वारी घरात आणि कडबा गंजीत गेलेला असतो. शिवारात हिरवे म्हणून पाहायला बांधावरचा कडुनिंब तेवढा उरतो. मग चैत्र, वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ भाकरी कशाशी खायची? ठेचा, पिठले, डाळीचे पाणी. बाजारच्या दिवशी दोन किलो बटाटे आणि वाफ्यातून निघून चार दिवस झालेली वांगी. पुन्हा पुढच्या बाजारापर्यंत ठेचा. जगाला अन्न पुरवणारा म्हणून ज्याचा सत्कार होतो त्याच्या घरात वर्षाचे अडीच महिने भाजीचे पान दिसत नाही, आणि याची कुणाला लाजही वाटत नाही.

यावर उपाय म्हणून सरकार दरसाल आपल्याला एक शब्द देते. परसबाग. अंगणवाडीच्या भिंतीवर परसबाग, शाळेच्या फळ्यावर परसबाग, बचत गटाच्या रजिस्टरात परसबाग. २०२० साली उमेद अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ अशी राज्यभर मोहीमच काढली. कल्पनेला आमचा विरोध नाही. पण मोहीम निघाली पावसाळ्याच्या तोंडावर. आषाढ-श्रावणात परसबाग कोण करत नाही? त्या दिवसांत कुंपणावर फेकलेली भोपळ्याची बी सुद्धा वेल धरते. भाजीची खरी ओढ असते ती एप्रिल-मे महिन्यांत. त्या दोन महिन्यांबद्दल पत्रकात ओळ नसते, आणि असलीच तर ‘पाण्याची सोय असल्यास’ एवढ्या तीन शब्दांत सारे आटोपते.

आमच्या लेखाचा विषय हे तीन शब्द आहेत.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा परसबाग एका तासात शिकवली गेली. फळ्यावर एक-दोन गुंठ्यांचा चौकोन, मधून पायवाट, कोपऱ्यात खताचा खड्डा, कुंपणाला कढीपत्ता आणि लिंबू. नकाशा देखणा होता. त्यात विहीर गृहीत धरलेली होती. पुढे संघटनेच्या कामाला लागून गावोगाव हिंडलो तेव्हा कळले की विहीर गृहीत धरली की उरतो तो नुसता नकाशाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा आधी पाण्याचा हिशेब मांडू. कापूस उत्पादकाला क्विंटलचा हिशेब पाठ असतो, हा हिशेबही तेवढाच सोपा आहे. मे महिन्यात आपल्या खानदेश-विदर्भात हिरव्या वाफ्यातून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडते. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. याचा अर्थ एक गुंठा भाजी मे महिन्यात जिवंत ठेवायची तर रोज ८०० ते १००० लिटर पाणी हवे. हंडा १५ लिटरचा धरला तर ५५ ते ६५ हंडे. रोज. आता हे हंडे कुणाच्या डोक्यावर येणार, हे पत्रक छापणाऱ्याला ठाऊक नसले तरी आपल्याला ठाऊक आहे.

मोलगीकडच्या एका बैठकीत आम्ही भाजीचे महत्त्व सांगत होतो. मागे बसलेल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “भाजी लावायला सांगता ते बरोबर आहे. पाणी कोण आणणार तेही सांगून जा.” सभेत पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत. आमच्या मते त्या दिवशीचे सगळ्यात शास्त्रीय भाषण तेच होते.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे आहे की उन्हाळी परसबागेचे क्षेत्र जागेवरून ठरवू नये, बियांच्या पाकिटावरून तर नाहीच नाही. ते घरातून वाहून जाणाऱ्या पाण्यावरून ठरवावे. जेवढे पाणी न्हाणीतून आणि भांडी घासायच्या जागेवरून सुटते तेवढाच वाफा. भाजीसाठी म्हणून एकही जादा हंडा बाईच्या डोक्यावर चढता कामा नये. चढवायचाच असेल तर घरातल्या बाप्याने आपल्या खांद्यावर कावड घ्यावी, आमची हरकत नाही.

सहा माणसांचे घर धरा. विहिरीवरून वा हातपंपावरून पाणी आणणाऱ्या घरात उन्हाळ्यात अंघोळ, हातपाय आणि भांडी मिळून दिवसाला ८० लिटरच्या आसपास पाणी मोरीतून जाते. उघड्या वाफ्याला चौरस मीटरला ८ ते १० लिटर लागतात. पण वाफा खोल केला, झाकला, पश्चिमेच्या झळा अडवल्या तर हाच खर्च निम्म्यावर येतो, ५ लिटरच्या जवळपास. मग ८० लिटरांत १६ चौरस मीटर भागतात. गुंठ्याचा सहावा हिस्सा. दोन खाटा आणि एक बैलगाडी उभी राहील एवढी जागा. आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याची खरी उन्हाळी परसबाग एवढीच आहे. त्यापेक्षा मोठी कुणी दाखवली तर आधी त्याची विहीर पाहून यावी.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या चळवळीतून दहा गुंठ्यांचा हिशेब मांडला होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन आणि रोज १००० लिटर पाणी एवढ्यात चांगले जगता येईल, असा त्यांचा दावा. पालापाचोळ्याची किंमत आणि सूर्यप्रकाशाचा हिशेब त्यांनी सामान्य शेतकऱ्याला शिकवला, ते ऋण मोठे आहे. पण १००० लिटर ही आपल्यासाठी श्रीमंती आहे. ज्याच्या दारी तेवढे पाणी आहे त्याने दहा गुंठे जरूर करावेत. ज्याच्या दारी ८० लिटर आहे त्याने हिरमुसून न जाता १६ चौरस मीटर करावेत.

आता यातून मिळेल काय, तेही खरे सांगायला हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जाहीर केलेल्या आहाराच्या सूचनांत माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. सहा माणसांना जवळपास अडीच किलो. सोळा चौरस मीटरमधून उन्हाळ्यात रोज सरासरी पाव किलो निघाली तर बाग चांगली म्हणायची. म्हणजे पोट भरायला ही बाग नाही. पण भाकरीवर रोज मूठभर पाला पडला, पोरांच्या डाळीत दोन दोडके गेले, तर ठेचा-भाकरीत आणि जेवणात जो फरक आहे तो पडतो. लहान मूल आणि अंगावर पाजणारी बाई यांना या मूठभर पाल्याची किंमत सगळ्यांत जास्त. आणि तोच पाला घरात वाटणीला शेवटी येतो तो बाईच्याच ताटात, हे वेगळे सांगायला नको.

काय लावायचे? दुकानदार टोमॅटो, कोबी, कोथिंबीर यांची पाकिटे पुढे करील. घेऊ नका. दिवसाचे ऊन ३८ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचा मोहोर गळतो, झाड हिरवे दिसते आणि फळ धरत नाही. आपल्या उन्हाला टिकणाऱ्या भाज्या आपल्याच आहेत. भेंडी, गवार, चवळी. पाल्यात राजगिरा, तांदुळजा, अंबाडी, घोळ. वेलींत दोडका, काकडी, डांगर. (डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. देशावरच्या मित्रांनी भोपळा समजू नये, मागे यावरून बैठकीत चांगलाच घोळ झाला होता.) वेलींचे एक ध्यानात ठेवा. फार कडक ऊन आणि लांब दिवस आले की वेलीवर नर फुलेच जास्त येतात, मादी फुले कमी. म्हणून वेली जानेवारीच्या अखेरीस लावल्या पाहिजेत, म्हणजे चैत्रात फळे धरून होतात. एप्रिलमध्ये बी टाकून फळाची वाट पाहणाऱ्याच्या हाती पानेच येतात.

भेंडी आणि गवारीचेही तेच. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी ही त्यांची वेळ. परभणी क्रांती भेंडी आणि पुसा नवबहार गवार ही सरळ वाणे आहेत, त्यांचे बी घरी धरता येते. संकरित बी घेतले की दरसाल दुकानाची पायरी. बियांच्या बाबतीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या मडक्यांत गावठी वाण जपून दाखवले, त्यासाठी २०२० साली त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले. पुरस्काराचे कौतुक आहेच, पण त्यांचे काम आपल्या आजीच्या उतरंडीत होतेच. ते आपण मधल्या तीस-चाळीस वर्षांत घालवले.

खरिपातली दोन-तीन वांग्याची आणि चार मिरचीची झाडे उपटू नका. माघात वरून छाटा, बुडाला शेणखत द्या, ती पुन्हा फुटतात. जुन्या झाडाचे मूळ खोल असते, त्याला नव्या रोपापेक्षा कमी पाणी पुरते. आणि शेवगा. दारात शेवगा नको अशी समजूत आहे, कारण फांदी ठिसूळ, पोर चढले तर पडते. मग दारात नको, परसात लावा. दोन वर्षे जगवला की मग तो आपल्याकडे पाणी मागत नाही. भर उन्हाळ्यात शेंग आणि पाला देणारे याच्याइतके गरिबाचे झाड आम्हाला दुसरे माहीत नाही.

वाफा उंच नको, वीतभर खोल हवा. खाली अर्धवट कुजलेली पऱ्हाटी आणि तुराट्यांचा चुरा, वर शेणखत आणि माती. पऱ्हाटी जाळून टाकण्यापेक्षा एवढी तरी जमिनीत जाऊ द्या. गुलाबी बोंडअळी लागलेली किडकी बोंडे मात्र वेचून नष्ट करा, ती वाफ्यात पुरू नका. वर चार बोटे पाल्याचे, धसकटांचे आच्छादन. पश्चिमेला तुराट्यांचा कूड. काळी जमीन एकदा तडकली की भेगांतून खालची ओलही उडून जाते, म्हणून ती तडकू द्यायची नाही यातच निम्मे काम आहे. पाणी दिवस मावळल्यावर द्यावे.

वेलींच्या आळ्यात बिनरंगाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा. भोक पाडायची गरज नाही, मातीच्या अंगातून पाणी पाझरते आणि मूळ तिकडे येते. तोंडावर झाकण ठेवा. पाच-सात लिटरचे मडके दोन-तीन दिवस चालते. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. आपल्या कुंभाराला तो ग्रंथ माहीत नाही, पण मडके कच्चे-पक्के कसे भाजायचे हे त्याला विचारले तर तो बरोबर सांगतो. फार भाजलेले मडके पाझरत नाही.

मोरीच्या पाण्याचा एक धोका सांगितलाच पाहिजे. कपडे धुण्याच्या सोड्याचे आणि पावडरीचे पाणी वाफ्यात सोडू नये. त्यातला सोडियम काळ्या जमिनीत साठतो आणि जमीन चोपण होते, पाणी वर तुंबते, खाली मुरत नाही. अंघोळीचे, तांदूळ-डाळ धुतलेले, राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी चालते. ते गोटे, कोळसा आणि वाळूच्या लहान खड्ड्यातून काढून घ्यावे. कच्ची खायची काकडी वा पाला असेल तिथे ते मुळाशी द्यावे, पानावर शिंपडू नये. दर वर्षी वाफ्याची जागा थोडी सरकवली तर पावसाळा मागची जागा धुऊन काढतो.

एवढे शेतकीचे झाले.

आता आमच्याच काही मित्रांचा आक्षेप. ते म्हणतात, “कापसाचा भाव मागायचा सोडून भेंडी काय सांगत बसलात? शेतकऱ्याला भाव मिळाला तर तो भाजी विकत घेईल.” आक्षेप खोटा नाही. भावाचा प्रश्न हाच मुख्य प्रश्न आहे, भेंडीने कर्ज फिटत नाही, आणि परसबागेला शेतीप्रश्नाचे उत्तर म्हणून जो पुढे करतो तो शेतकऱ्याची थट्टा करतो. पण कापसाचा पैसा दिवाळी ते संक्रांत येतो आणि संक्रांतीपर्यंत सोसायटी, सावकार, कृषी केंद्र यांच्याकडे जातो. चैत्रात घरात रोकड नसते. आणि असली तरी ती घरातल्या कुणाच्या हातात असते? बाजाराला जाणारा पुरुष बटाटे आणतो, कारण ते टिकतात आणि निवडत बसावे लागत नाहीत.

शिवाय भाजी आपल्या शेतातून गेली कशी हेही पाहावे लागेल. पूर्वी ज्वारीच्या पाभरीत मूठभर अंबाडी, चवळी, मटकी, वाळकाचे बी मिसळलेले असायचे. कापसाच्या ओळींत निंदताना बायका तांदुळजा, घोळ, पाथरी ओटीत भरून आणायच्या. हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून मडक्यात भरला की तो वैशाखात कामाला यायचा. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या चकत्या, सांडगे, सगळे उन्हाळ्याची बेगमी म्हणून. म्हणजे परसबाग घराच्या मागे नव्हतीच, ती शेतात होती. सलग कापूस आला, तणनाशक आले, त्यात ही भाजी तण ठरून मेली. निंदणीची मजुरी वाचली हे खरे. पण ओटीतली भाजीही गेली, आणि तिचा हिशेब कुठल्याच उत्पादन खर्चात कुणी मांडला नाही. भाव मागताना हाही खर्च धरा, असे आमचे त्या मित्रांना सांगणे आहे.

शेतकरी संघटनेने १९९१ साली सीताशेतीचा विचार मांडला होता. घरच्या बाईच्या ताब्यातला लहान तुकडा, बाजारातून काही विकत न आणता केलेली शेती. विचार पुढचा होता. मात्र तुकडा सीतेचा झाला तरी पाणी कुणाचे हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही सुटलेला नाही. तो किती उघडा-वाघडा आहे हे पाहायचे असेल तर आपल्याच जिल्ह्यात मणिबेलीला चला.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेले महाराष्ट्रातले पहिले. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरे पाण्याखाली गेली, तेव्हा आपला जिल्हा धुळेच होता. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली. मणिबेलीचे नाव जगभर गेले. १९९४ साली ४४ देशांतल्या तीनशेहून अधिक संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांबद्दल जे निवेदन दिले त्याला मणिबेलीचेच नाव दिले होते. धरण हवे की नको यावर आपल्या चळवळीतल्या लोकांचीही मते दोन होती आणि आजही असतील. तो वाद इथे काढायचा नाही. आम्ही भाजीबद्दल बोलतो आहोत.

नर्मदाकाठच्या गावांना पूर ओसरला की काठावर गाळ मिळायचा. त्या गाळात खताशिवाय, शिंपणाशिवाय भाजीपाला आणि डांगर-टरबूज येते. तापीकाठच्या आपल्या लोकांना हे सांगायला नको. नदीच उन्हाळ्याची परसबाग. धरणाने तो काठ गेला. २०१७ साली दरवाजे बंद झाले, २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला टेकले. उरलेली घरे डोंगराच्या अंगाला वर सरकली, जिथे माती बोटभर आणि खाली खडक. काही घरे गुजरातेतल्या वसाहतीत गेली. जी राहिली त्यांच्या पायाशी आता देशातला एक मोठा जलाशय आहे.

पण जलाशय काही नदीसारखा नसतो. कालव्यांना पाणी सुटते तशी पातळी उन्हाळ्यात उतरत जाते. मुख्य कालव्याला पाणी घेता येते ती खालची पातळी ११०.६४ मीटर. वरची आणि खालची यांत २८ मीटरांचे अंतर. उभ्या उंचीचे हं, उताराचे नव्हे. नऊ मजली इमारत होते. ऐन उन्हाळ्यात पाणी डोळ्यांना दिसते आणि ते वर आणायचे तर हंडा घेऊन हा गाळाचा, घसरडा चढ चढायचा. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आपण नुसती बोलतो, सातपुड्याच्या या पाड्यांवर ती अंगावर घेऊन जगावी लागते. अशा ठिकाणी ‘परसबाग फुलवा’ म्हणून बियांची पाकिटे वाटणे हा निर्दयपणा आहे.

याच जलाशयाचे पाणी मुख्य कालव्यातून ४५८ किलोमीटर जाऊन राजस्थानच्या सीमेला पोचते. तिथल्या शेतकऱ्याला ते मिळते याचे आम्हाला दुःख नाही, तोही कोरडवाहूच आहे. पण ४५८ किलोमीटर जाणारे पाणी काठावरच्या घरापर्यंत तीस-साठ मीटर वर का चढत नाही, याचे उत्तर कुठल्याही अभियंत्याने द्यावे.

विजेची अडचण आहे म्हणतील. हिशेब करू. पंप आणि पाइपातली घट धरूनही १००० लिटर पाणी ३० मीटर चढवायला विजेच्या एका युनिटच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज पुरते. पन्नास घरांचा पाडा, घरटी बागेचे २०० लिटर, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर, दोन युनिटे. घरे साठ मीटर उंचीवर असली तर चार. या धरणाची वीजक्षमता १४५० मेगावॅट आहे आणि तिच्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्यातून पाड्याला रोज चार युनिटे देता येत नाहीत? तारा ओढायच्या नसतील तर सूर्य आहे, उन्हाळ्यात तरी तो कमी पडत नाही.

पाणी नाही म्हणतील. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली महाराष्ट्राला अडीच लाख एकर-फूट पाणी दिले. म्हणजे सुमारे ३० कोटी ८० लाख घनमीटर. एका घराची उन्हाळी बाग रोज २०० लिटर, १२० दिवस चालवली तर २४ घनमीटर लागतात. एक लाख घरांना २४ लाख घनमीटर. आपल्या राज्याच्या वाट्याच्या शेकडा एक टक्का सुद्धा नाही. काठावरची घरे एक लाख नाहीतच, फार तर काही हजार असतील. तेव्हा पाणी नाही, वीज नाही, पैसा नाही ही कारणे आमच्यापुढे कुणी मांडू नयेत.

गाळाच्या जमिनीचेही असेच. जलाशय उतरला की जी जमीन उघडी पडते ती गाळपेरीला देण्याची रीत आपल्या राज्यात जुनी आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी अशा जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या गेल्या. मग ज्याचा काठ बुडाला त्याला त्याच काठावर उन्हाळ्यात भाजी पेरायचा पहिला हक्क असला पाहिजे. उपकार म्हणून नव्हे, नुकसानभरपाई म्हणून. इथे अडचण खरी आहे. वरच्या धरणांतून विजेसाठी पाणी सुटले की उन्हाळ्यातही पातळी चढू शकते आणि उभी वेल बुडते. म्हणून जानेवारी ते मे पातळी कशी राहणार याचा अंदाज पाड्यांवर आधी कळला पाहिजे, फळ्यावर लिहून. राज्याराज्यांत पाण्याच्या वाटपाची बैठक होते तेव्हा कालवे आणि वीज यांची गणिते मांडली जातात. त्यात काठावरच्या डांगरवाडीचाही एक रकाना असावा, एवढेच मागणे आहे.

मणिबेलीचे का सांगतो? आपल्यातले बरेच जण जलाशयाच्या काठावर राहत नाहीत. शहाद्याच्या वा नवापूरच्या कोरडवाहू गावात राहणाऱ्याला वाटेल, हे त्यांचे दुखणे. पण प्रश्न एकच आहे. घराच्या वाट्याचे पाणी कशाला म्हणायचे? जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, त्यात माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. सहा माणसांना ३३० लिटर. हे पाणी खरोखर बारा महिने नळाला आले तर प्यायचे, स्वयंपाकाचे आणि कपड्यांचे सोडून दीडशे ते दोनशे लिटर वाफ्याला मिळतात, तीस-चाळीस चौरस मीटर बाग होते. म्हणजे नळ बारमाही करणे हीच सगळ्यात मोठी परसबाग मोहीम आहे. नळ बसला आणि मार्चनंतर त्याला हवाच येत असेल, तर त्या गावात बियांची पाकिटे वाटायला येणाऱ्याला आधी नळाखाली उभे करावे.

पुरंदरच्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या आकारावर वाटले नाही, माणसांच्या डोक्यांवर वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, ऊस बंद, भूमिहीनालाही वाटा. त्याच न्यायाने आम्ही म्हणतो की गावच्या पाण्यातून प्रत्येक घराला, त्याला सात-बारा असो वा नसो, प्यायच्या पाण्याच्या जोडीला भाजीचे पाणी धरले पाहिजे. आधी ते, मग उन्हाळी भुईमूग, मग केळी आणि ऊस. बागायतदार मित्र रागावतील. त्यांनी आपल्या सालदाराच्या घरी वैशाखात काय शिजते ते एकदा पाहून यावे.

अनुसूचित क्षेत्रात हे मागायला कायद्याचाही आधार आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनी गावातल्या लहान पाणीसाठ्यांबाबत ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी उन्हाळी पेरणीच्या तोंडावर येते. त्या सभेत एक ठराव घ्यावा. अमुक झऱ्याचे, अमुक बंधाऱ्याचे पाणी मेअखेरपर्यंत घरटी इतके लिटर भाजीसाठी राखून ठेवले. ठरावावर बायकांचे अंगठे-सह्या आधी घ्याव्यात.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या न्हाणी-मोरीतून दिवसाला किती पाणी जाते ते मोजून, चिठ्ठीवर लिहून आणावे. मोजायची रीत सोपी आहे. मोरीच्या तोंडाशी घमेले ठेवा आणि दिवसभरात ते किती वेळा भरते त्याच्या रेघा भिंतीवर ओढा. पुरुषांनी अंदाजाने आकडा टाकू नये. घरात पाणी भरणाऱ्या बाईला विचारावे, आणि जमेल तर चिठ्ठी तिच्याच हाती देऊन तिलाच बैठकीला पाठवावे. मणिबेलीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी आणखी एक मोजावे. पाण्यापासून दारापर्यंत पावले किती, आणि चढताना हंडा किती वेळा खाली ठेवावा लागतो.